‘रक्तात प्लॅटिनम सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘सिस्प्लॅटिन हा जड धातू. वीस वर्षांनीही रक्तात सापडतो, म्हणजे औषध शरीरात तसंच बसलेलं असतं. केमो चालू असतानाच डिटॉक्स घ्या.’ सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमचा अणू असलेलं केमोचं औषध. धातूंची ही मोजमापं हेच माझं रोजचं काम, म्हणून एकेक मुद्दा घेते.

वीस वर्षांनी सापडतं? हो. वृषणाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या रुग्णांमध्ये इतक्या काळानंतरही अगदी किंचित प्लॅटिनम मोजलं गेलंय.

मग ते औषधच ना? गफलत इथेच आहे. रक्तातले धातू मोजणारं आयसीपी-एमएस हे यंत्र नमुना हजारो अंश तापलेल्या आर्गॉन प्लाझ्मात सोडतं. रेणू तुटतात आणि मोजले जातात ते नुसते अणू. अणू सिस्प्लॅटिनमधला की प्रथिनाला चिकटलेला, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) आधी कॉलममधून, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, सोडावं लागतं. आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलममधून मोठे रेणू आधी बाहेर येतात, लहान मागून. सिस्प्लॅटिन नुकतंच मिसळलेलं असेल तर आलेखावर मागचा पीक (उंचवटा) उंच दिसतो. तेच सीरम ३७ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी सोडा: मागचा पीक बसलेला, आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या मोठ्या प्रथिनाच्या जागी नवा उभा. एकूण प्लॅटिनम तेवढंच, पण मोकळं औषध जवळजवळ संपलेलं. रुग्णाच्या रक्तातही काही तासांत ९० टक्क्यांच्या आसपास प्लॅटिनम प्रथिनांना जखडलं जातं, आणि त्यातलं बहुतेक गाठीवर काम करत नाही.

(कॉलममधल्या द्रावणात क्लोराइड कमी पडलं तर तपासणी चालू असतानाच औषधाचं रूप पालटतं. सिस्प्लॅटिन सलाइनमधून, म्हणजे क्लोराइड असलेल्या मिठाच्या पाण्यातून, देण्याचं कारणही हेच.)

उरलेला अंश निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. हातापायांची बधिरता, कमी ऐकू येणं हे त्रास खरे आहेत आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवेत.

आणि डिटॉक्स? मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा सल्ला हाच. प्लॅटिनमला गंधकाची ओढ फार. ग्लुटाथायोनसारख्या गंधकयुक्त रेणूंना ते बांधलं गेलं की निकामी होतं. सोडियम थायोसल्फेट लहान मुलांचं ऐकणं वाचवायला वापरतात, अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण तेही सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी देतात, आधी नाही. घरात ‘डिटॉक्स’ची अशी कुठली गंधकयुक्त कॅप्सूल चालू असेल, तर केमोच्या पुढच्या सायकलआधी ती बाटली डॉक्टरांना दाखवा.