सत्कार आवरा, प्रश्नांना वेळ द्या

मुंबईत एखादा नावाजलेला ओपन सोर्स (सर्वांना खुल्या कोडचा) डेव्हलपर बोलायला आला की सभागृह भरतं, आणि मग दीपप्रज्वलन, लांबलचक परिचय, शाल-श्रीफळ. शेवटी निवेदक सांगतात, ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ.’ बदलापूर-विरारला जाणारी मुलं तोवर स्टेशनच्या वाटेला लागलेली असतात. हे मला अजिबात पटत नाही. भाषण घरबसल्या यूट्यूबवरही ऐकता येतं. समोरासमोर प्रश्न विचारायची संधी मात्र एकदाच मिळते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स लिनक्स फाउंडेशनच्या परिषदांत भाषण करतच नाहीत. मंचावर डेव्हलपर डर्क होनडेल प्रश्न विचारतात आणि ते उत्तरं देतात. आपल्याकडे हे सहज जमेल.

पण जाणाऱ्यांनीही प्रश्न घरून तयार करून न्यावा. ‘सुरुवात कुठून करू?’ याचं उत्तर बहुतेक प्रकल्पांच्या कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (नव्या सहभागींसाठीच्या सूचनांत) लिहिलेलं असतं, त्यात वक्त्याची दोन मिनिटं घालवू नका. आदल्या आठवड्यात त्यांचा कोड उतरवून घ्या. गिट हा कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम; त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, ऑथर म्हणून त्यांचं नाव द्या आणि मर्ज वगळा, कारण मोठ्या मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) नावावर इतरांचं काम जोडल्याच्याच नोंदी जास्त असतात. डेटा वाचवायला डेप्थ १ देऊन, म्हणजे फक्त शेवटच्या नोंदीपुरतं, क्लोन केलंत (कोडची प्रत उतरवलीत) तर फसाल: जुना इतिहास येतच नाही आणि कोणती ओळ कुणी लिहिली ते सांगणारं गिट ब्लेम सगळ्या ओळी त्या एकाच कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) नावावर दाखवतं. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या ओळीबद्दल मग तुम्ही भलत्यालाच जाब विचाराल. त्यापेक्षा क्लोन करताना फिल्टरमध्ये ‘ब्लॉब नन’ द्या. कमिटचा इतिहास पूर्ण येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा उतरतो. फक्त ब्लेम चालवताना नेट चालू ठेवा.

मराठी माणसाने आवर्जून विचारावा असा एक प्रश्न आहे. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये संदेश तुकड्यांनी जोडलेले असतात: आधी ‘कॉपीड’, मग आकडा, मग ‘फाइल्स टू’, मग फोल्डरचं नाव. मराठीत क्रियापद शेवटी येतं: ‘५ फाइली डाउनलोड्समध्ये कॉपी केल्या.’ तुकड्यांचा क्रम कोडमध्येच पक्का असेल, तर भाषांतरकाराने कितीही डोकं लढवलं तरी वाक्य वाकडंच राहतं. इलाज डेव्हलपरच्याच हातात आहे: अख्खं वाक्य एकाच स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या सलग तुकड्यात) ठेवायचं आणि एकवचन-अनेकवचनासाठी एनगेटटेक्स्ट हे फंक्शन वापरायचं. आकडा किंवा नाव जिथे भरलं जातं त्या रिकाम्या जागांचा क्रम बदलायचा असेल, तर भाषांतरकाराने मग त्यांना क्रमांक द्यायचे. क्रमांक न देता जागा नुसत्या पुढेमागे केल्या, तर फाइलच्या जागी फोल्डरचं नाव छापलं जातं. दोन्ही जागा मजकुराच्याच असल्या तर भाषांतराच्या फाइली तपासणाऱ्या एमएसजीएफएमटी या प्रोग्रॅमच्या तपासणीतही ही चूक सापडत नाही. एक आकड्याची आणि एक मजकुराची असेल तरच सापडते. ‘तुमच्या प्रकल्पात असे तुटक संदेश किती आहेत, आणि ते जोडणारा पॅच (कोडमधली दुरुस्ती) घ्याल का?’ एवढं विचारा, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक सांगून.

होकार मिळाला तर त्याच आठवड्यात पॅच पाठवा. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सच्या गाभ्यासारख्या) प्रकल्पात पॅच ईमेलनेच जातो, म्हणून गिट सेंड-ईमेल ही आज्ञा वापरा. ब्राउझरमधल्या मेलमध्ये चिकटवलात तर टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मोडतात आणि समोरच्याकडे पॅच कोडला लागू होत नाही. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ (पॅच द्यायचा अधिकार असल्याची आपल्या नावाची ग्वाही) विसरू नका. ती नसेल तर कर्नलवाले पॅच घेत नाहीत.