सावली कुठंय?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन शहराबाहेर पडायचं म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. फिरायच्या जागांची दारं उघडणार दहाला, बंद होणार पाचला! उन्हातली अतिनील किरणं सगळ्यात तीव्र असतात तीही साधारण सकाळी 10 ते दुपारी 4 याच वेळेत. म्हणजे पोरं भाजायच्या वेळेला आत घ्यायची आणि जरा वारा सुटला की शिट्टी वाजवून बाहेर काढायची? कोण ठरवतं हे? कडेवर लेकरू घेऊन कधी रांगेत उभे राहिलेत का ते?

आत काय, तर उघड्यावर पत्र्याची घसरगुंडी. हात लावून बघा एकदा! खाली काळं रबर, तेही तापलेलं. झाड एक आणि त्याखाली चाळीस माणसं. पिण्याचं पाणी पार दुसऱ्या टोकाला. बाळाचे कपडे बदलायला जागाच नाही.

वर कुणीतरी सांगतंच, "बाळाला पाच मिनिटं गाडीत झोपू द्या ना." अहो, उन्हातली बंद गाडी 10 मिनिटांत जवळपास 11 अंशांनी तापते! काच थोडी खाली केली तरी फारसा फरक पडत नाही. आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा 3 ते 5 पट वेगानं तापतं. पाच मिनिटं म्हणे!

सकाळी सहाला उघडा. दुपारी खुशाल कुलूप लावा, संध्याकाळी पुन्हा उघडा. झाडं लावा, आणि ती वाढेपर्यंत निदान एखादं कापड तरी ताणा वर!