‘समुद्र शांत असूनही डाइव्ह नाकारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

समुद्र तळ्यासारखा शांत असूनही आम्ही तुम्हाला किनाऱ्यावरून स्कूबा डाइव्हला उतरू दिलं नाही, दोन तास बसवून ठेवलं, अर्धे पैसे कापले आणि आमची पोरं आळशी आहेत, असं तुम्ही लिहिलंत. सुट्टीचा दिवस गेला, तुम्हाला आणि वहिनींना मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण वेळेबद्दल जे लिहिलंत ते फार लागलं, म्हणून सविस्तर सांगतो. तुम्हाला सकाळी ७ ला बोलावलं होतं. मेसेज तुमच्या फोनवर आहे, त्यावर तुमचा अंगठाही आहे. तुम्ही आलात ९:४० ला. रात्री गोव्याहून उशिरा पोचलात हे कळलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी एकादशी होती. मालवणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. भरती-ओहोटीच्या तक्त्यातही जवळपास तेवढीच होती. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबतं, त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, आणि कडेचे खडक पाण्याखाली गेलेले असतात. किनाऱ्यावरची डाइव्ह तेवढ्यातच बसवावी लागते. उतरायचं आठच्या आधी आणि बाहेर यायचं पावणेनऊपर्यंत.

तुम्ही सूट घालून तयार झालात तोवर सव्वादहा वाजले होते आणि सुकती, म्हणजे ओहोटी, चांगली लागली होती. वर पाणी सपाट दिसत होतं, कारण सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, लाट उठत नाही. खाली मात्र ओढ बाहेरच्या बाजूला असते आणि खाडीचं गढूळ पाणी त्याच वेळी बाहेर पडतं. बोटीच्या डाइव्हला बोट माणसाजवळ येते. किनाऱ्याच्या डाइव्हला माणसालाच परत यावं लागतं, तेही ओढीच्या उलट. तुमचं सर्टिफिकेट मी बघितलं, तुमच्या अनुभवाचा मान आहे. पण वहिनींची ती चौथीच डाइव्ह होती.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या दृष्टीने मोठी आहे. पाणी उतरलं की त्या जागी पाठीवर सिलिंडर घेऊन आत जायचं तर प्रवाळावर पाय दिल्याशिवाय जाता येत नाही. हे १९८७ सालापासून संरक्षित सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. ‘दोन दगडांवर पाय पडला तर काय बिघडलं’ असं तुम्ही आमच्या पोराला म्हणालात. ते दगड नव्हते, सर. त्यातला वीतभर वाढायला कित्येक वर्षं लागतात.

दोन तासांचं म्हणाल, तर त्या वेळात मी तुमच्यासाठी बोटीवर जागा शोधत होतो. शनिवार होता, तिन्ही बोटी भरलेल्या. साडेअकराला दोन जागा मिळाल्या, तुम्ही नको म्हणालात. दुसऱ्या दिवशी भरती ९ ला होती, जादा पैसे न घेता तेव्हा उतरवतो म्हटलं, तेही नको. अर्धे पैसे त्याच दुपारी परत केले. उरलेल्यात भरलेले सिलिंडर आणि सकाळपासून तुमच्यासाठी थांबलेल्या डाइव्हमास्टरची, म्हणजे पाण्यात सोबत उतरणाऱ्या माणसाची, मजुरी गेली. ती मी त्याला दिली, खिशात ठेवली नाही.

पोरांना आळशी म्हणालात ते मात्र मागे घ्याल तर बरं वाटेल. ती पाचला उठून सिलिंडर खाली वाहून नेतात. त्यांचे बाप-आजे याच पाण्यात जाळी टाकत आले. २६ मे ते ३१ ऑगस्ट आमचं काम बंद असतं, उरलेल्या महिन्यांवर आठ घरं चालतात. हंगामाच्या तोंडावर असा रिव्ह्यू वर दिसला की फोन कमी होतात, हे खरंच आहे.

यापुढे वेळेचा मेसेज आदल्या रात्री पुन्हा पाठवू, आणि बसायला सावलीचंही काहीतरी करतो. परत येणार असाल तर आधी तिथी कळवा, त्याप्रमाणे वेळ सांगतो. उरलेले अर्धे पैसे तेव्हा वळते करून घेऊ.

आपला,
डाइव्ह सेंटरचा मालक, मालवण