आपला तास आपणच तपासायला हवा

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हापासून आमच्या धुळे-नंदुरबारच्या शिक्षकांच्या ग्रुपवर हाच विषय आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला ५ वर्षांहून जास्त उरलेल्या पण टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास नसलेल्या प्रत्येकाने २ वर्षांत ती पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. वीस-वीस वर्षं वर्ग सांभाळलेली माणसं आता १५० प्रश्नांचे गोल काळे करायला बसणार. राग येणारच. तरीही "आम्हाला तपासूच नका" हे म्हणणं मला पटत नाही. तपासा, पण तपासणारे आम्ही शिक्षक असू द्या.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर पहिलीत येणारं पोर घरी पावरी नाहीतर भिली बोलतं. मराठी पुस्तक त्याला परकंच. चांगली बाई आधी त्याचे शब्द ऐकते, ते फळ्यावर मांडते, शेजारी मराठी शब्द लिहिते, आणि पुस्तक मग उघडते. हे कसब उत्तरपत्रिकेत कुठे दिसणार? वर्गात मागे बसून तास पाहणाऱ्या दुसऱ्या शिक्षकालाच ते कळतं. आणि कोण नुसता वेळ काढतोय, तेही त्यालाच कळतं.

टीईटीच्या २०१९ च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवल्याबद्दल ७,८०० हून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. प्रकरण उघडकीला आणलं पुण्याच्या सायबर पोलिसांनी. याची मला अजून लाज वाटते.

वकिलांना १९६१ च्या कायद्याने बार कौन्सिल मिळाली. तिथे वकील निवडून जातात, सनद देतात, गैरवर्तन झालं तर काढूनही घेतात. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलकडे दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. या संस्थाही आपल्याच माणसांना पाठीशी घालतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून शिक्षकांनीच निवडलेली अशी आपली परिषद हवी, पण तिच्यात पालकही हवेत. शिक्षकांची पात्रता ठरवणारी राष्ट्रीय परिषद, एनसीटीई, आहेच की, असं कोणी म्हणेल. पण तिथली माणसं केंद्र सरकार नेमतं, आपण निवडत नाही.

अशा परिषदेचा कायदा व्हायला वर्षं जातील. आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद मात्र दर महिन्याला भरते, आणि तिचा निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात नि माहिती भरण्यात जातो. त्यातला एक तास एकमेकांचं शिकवणं पाहायला आणि त्यावर स्पष्ट बोलायला राखून ठेवा. जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या संघटनांनी ही मागणीही तेवढ्याच जोराने लावून धरावी. साक्री, शिरपूर, नवापूरकडे कोणी हे आधीच करत असेल तर कळवा, मी तास पाहायला येतो. माझाही पाहायला या.