गावाचा पैसा, गावचा माणूस

मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल आलं. आम्ही इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतो, त्यामुळे काउंटी, जिल्हा, पोलीस यांच्या आकड्यांबरोबर पॅरिश कौन्सिलचीही, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचीही, ओळ असते. रक्कम सगळ्यात लहान, पण तिचं मूळ बरंच जुनं.

‘गावाचा पैसा गावानेच खर्चावा’ असं कुणी म्हटलं की मला १६०१ चा कायदा आठवतो. गरिबांना पोसायची जबाबदारी त्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर, टाकली. त्यासाठी घर-जमिनीवर पट्टी बसवायची, वसूल करायची, वाटायची. हे काम गावातल्याच दोन-चार खात्यापित्या घरच्यांकडे, वर्षभर, बिनपगारी. सभा चर्चमध्ये पाद्र्याचे झगे ठेवायच्या खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत. (बऱ्याचदा मंडळी तिथून उठून सरळ गुत्त्यात जाऊन बसत. हे वाचल्यावर मला इंग्रज एकदम जवळचे वाटले.)

पण पट्टी आपल्या खिशातून जाते म्हटल्यावर ‘गावचा कोण’ हा प्रश्न आलाच. १६६२ च्या कायद्याने वर्षाला १० पौंडांहून कमी भाड्याच्या घरात आलेला उपरा पुढेमागे गावाच्या अंगावर पडेल असं वाटलं, तर ४० दिवसांत तक्रार करून त्याला परत धाडता येई. बिनलग्नाच्या गड्याने सलग वर्षभर चाकरी केली की त्याला त्या गावचा हक्क मिळे, म्हणून शेतकरी ५१ आठवड्यांचाच गडी ठेवू लागले. आपल्याकडचा ११ महिन्यांचा करार आठवला ना? लग्न न झालेली बाई दिवस भरत आलेली असली, तर तिला शिवेपलीकडे पोचवायची घाई व्हायची, कारण अशा पोराचा भार ते जन्मेल त्या गावावर. १६९७ पासून तर मदत घेणाऱ्याच्या खांद्यावर कापडी ‘पी’, म्हणजे पॉपर (कंगाल), आणि शेजारी गावाचं आद्याक्षर.

ही माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही. हिशेब गावापुरता छोटा होता, एवढंच. काही जमीनदारांनी तर पट्टी वाचवायला मजुरांची घरंच पाडली. मग मजूर दुसऱ्या गावांत राहत, आणि मैलोन्‌मैल चालत कामाला येत. १८६५ मध्ये गरिबांचा खर्च अनेक गावांच्या संघावर टाकला, तेव्हा कुठे घरं पाडण्यातला फायदा संपला. निवडलेली पॅरिश कौन्सिलं आली ती १८९४ मध्ये, आणि त्यांत बायकांनाही उभं राहता येत होतं.

परवा आमच्याकडच्या सभेत झोपाळ्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला. नवी वसाहत शिवेपलीकडे, शेजारच्या पॅरिशमध्ये आहे. एक आजोबा म्हणाले, “झोपाळे आपल्या पैशाचे, आणि खेळतात त्यांची पोरं.”

मी काही बोललो नाही. पण मनातल्या मनात बेरीज करून मोकळा झालो होतो.