पाय दाखवून अवलक्षण

भर तलावाच्या काठावर, सगळ्या पालकांदेखत, एका गृहस्थांनी मला बूट काढायला लावला. मोजासुद्धा. ‘पाय पुढे करा. चवडा ताणा. आणखी... एवढाच?’ मग बाकावरच्या बायकोकडे वळून म्हणाले, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं? आनुवंशिक आहे.’

निमित्त एवढंच, की माझी सहा वर्षांची मुलगी फळी धरून जिवाच्या आकांताने पाय मारत होती आणि हळूहळू मागे जात होती. यात चमत्कार काही नाही. पाय कमरेतून मारायचा असतो, लहान मुलं तो गुडघ्यातून मारतात, म्हणजे पाण्यात सायकल चालवतात. त्यात पावलं जमिनीवर उभं असल्यासारखी काटकोनात राहिली, की पाणी मागे जायचं ते पुढे ढकललं जातं आणि स्वारी उलटी निघते. नवशिक्या मोठ्या माणसांचंही हेच होतं, फक्त ती लाजून थांबतात. मुलगी मात्र खूश होती. तिच्या मते ती रिव्हर्समध्ये चालली होती आणि बॅचमध्ये ते दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं. सरही शांत होते.

शांत नव्हते ते गृहस्थ. त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. (सरांच्या गळ्यात नव्हतं.) मांडीवर वही. तिच्यात त्यांच्या सात वर्षांच्या मुलाची प्रत्येक फेरी सेकंदांसकट टिपलेली, पुढे शेरा. मी वाकून पाहिलं. ‘वळण – ढिलं.’ ‘हात – बरा.’ ‘श्वास – जास्त.’ मुलाने श्वास किती घ्यावा याबद्दल घरात काही धोरण ठरलेलं असावं.

‘घोटा कडक असला की पाय वल्ह्यासारखा फिरत नाही,’ ते म्हणाले. दुर्दैवाने हे खरं आहे. असल्या माणसांचा खरा त्रास हाच, की ती अधूनमधून बरोबर बोलतात. ‘तुम्ही उशीर केलात. टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना टीव्हीवर गोल्फ खेळून दाखवत होता. १९७८ साली!’

‘मायकेल फेल्प्स सातव्या वर्षी पोहायला लागला,’ मी म्हणालो. ‘त्याला तर सुरुवातीला पाण्यात तोंड घालायलाच आवडायचं नाही.’

पण एका पायावर उभा राहून, हातात मोजा धरून माणूस कितीही मुद्द्याचं बोलला तरी त्याला वजन येत नाही.

‘फेल्प्सचे घोटे पाहिलेत?’

मी पाहिले नव्हते. ते बहुधा झोपण्यापूर्वी पाहत असावेत.

नॉर्वेत मुलांनी अकरावं वर्ष गाठेपर्यंत स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी जाहीर करायची नाही, असा तिथल्या क्रीडा महासंघाचा नियमच आहे. तरीही २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, १६ सुवर्णपदकं त्यांनीच नेली. हे मी गृहस्थांना सांगणारच होतो, तेवढ्यात त्यांचा मुलगा काठाला लागला. त्याने गॉगल वर केला आणि बापाच्या तोंडाकडे न बघता आधी घड्याळाकडे बघितलं. मग नॉर्वे राहिलं.

माझ्या पायाचं जे व्हायचं ते होवो, पण मुलीने सगळं ऐकलं होतं. परतताना तिने विचारलं, ‘बाबा, तुझा पाय खराब आहे म्हणून मी मागे जाते का?’ मी नाही म्हणालो. पटलेलं दिसलं नाही. पुढच्या तासाला तिने रिव्हर्स बंद केला. फळी धरून नुसती तरंगत होती आणि मधूनमधून स्वतःच्या पावलांकडे बघत होती. सहाव्या वर्षी कुणी स्वतःच्या घोट्यांची काळजी करायची असते का? सरांना म्हटलं, त्या बाकावरच्या माणसाला जरा आवरा. ते हसले. ‘पालक आहेत हो, उत्साह असतो.’

काल रात्री पालकांच्या ग्रुपवर गृहस्थांचा व्हिडिओ आला, घोटा लवचिक करण्याचे व्यायाम. खाली ओळ, ‘ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. नाव घेत नाही.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यात एक सरांचा.