पाटल्या, मेंदूची लहर आणि एक फिरता संदेश

गेल्या रविवारी सकाळी बेळगावातल्या शहापूरहून अक्काचा फोन आला. तिच्या कपाटातल्या डब्यातून दोन पाटल्या नाहीशा झाल्याचे मला आदल्या दिवशीच कळले होते, पण या वेळी ती पाटल्यांविषयी बोलत नव्हती. "त्या पोरीला मशीन लावूया की, खरं काय ते बाहेर येतंय बघ," असे म्हणून तिने मला एक संदेश पाठवला. 'ती पोरगी' म्हणजे वडगावच्या एका विणकराच्या घरातली, अक्काकडे चार वर्षे धुणीभांडी करणारी एकोणीस वर्षांची मुलगी. तो संदेश तोपर्यंत माझ्याकडे तीन गटांतून मराठीत आणि एका गटातून कन्नडमध्ये येऊन गेला होता. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तरीही असल्या गोष्टींना उत्तर काय द्यायचे म्हणून मी तो तसाच सोडून दिला होता. तो आमच्याच घरात शिरल्यावर गप्प बसणे शक्य नाही.

संदेशाची सुरुवात एका नव्या गुप्तहेरपटाच्या स्तुतीने होते. पावसात भिजलेले रस्ते, निऑनच्या दिव्यांचा निळा-लाल उजेड, खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर घेऊन उभा असलेला नायक, आणि हा नायक भौतिकशास्त्र सोडून गुन्ह्यांच्या तपासाकडे वळलेला. मी तो चित्रपट पाहिला आहे आणि तो मला मनापासून आवडला, त्यामुळे माझी तक्रार चित्रपटाविषयी नाही. तक्रार आहे ती संदेशातल्या पुढच्या वाक्याविषयी: 'यातील सर्व विज्ञान १०० टक्के सिद्ध झालेले असून परदेशातील पोलीस ते रोज वापरतात.' त्याखाली पाच मुद्दे दिले आहेत. नायकाने पाहीपर्यंत माणूस जिवंतही असतो आणि मेलेलाही असतो. साक्षीदाराच्या नजरेने घटना बदलते. मृताच्या डोळ्यात खुन्याचे चित्र उरते. मेंदूतील 'क्वांटम लहरी' यंत्राने पकडल्या की गुन्हेगाराचा मेंदू स्वतःच कबुली देतो. आणि रक्ताच्या थेंबावरून संपूर्ण गुन्हा वाचता येतो. सर्वांत शेवटी एका खासगी केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आहे.

मी चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आग त्यानेच लावली आहे.

मेंदूतील विद्युत हालचाल डोक्याच्या त्वचेवरून मोजता येते, हे खरे आहे. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा घेतला आणि आज फेफऱ्याच्या रुग्णांसाठी तो रोज काढला जातो. यात 'क्वांटम', म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगातल्या नियमांचे, असे काहीही नाही. डोक्याला लावलेल्या धातूच्या चकत्या साधा विद्युत दाब मोजतात, आणि तो दाब काही मायक्रोव्होल्ट ते काही दशक मायक्रोव्होल्ट एवढाच असतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलशी तुलना केली, तर दहा मायक्रोव्होल्ट हा त्याचा दीड लाखावा भाग होतो. पापणी लवली तरी याहून मोठा संकेत आलेखावर उमटतो. ओळखीची किंवा अर्थपूर्ण वस्तू समोर आल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आलेखात एक उंचवटा दिसतो आणि गुन्हे तपासातल्या अशा चाचण्यांचा एक मोठा आधार हा उंचवटाच आहे.

आता हे अक्काच्या घरात लावून पाहू. केंद्रातला माणूस त्या मुलीला पितळी डब्याचे चित्र दाखवणार, कपाटाचे दाखवणार, पाटल्यांचे दाखवणार. तो डबा तिने चार वर्षे दर शुक्रवारी चिंच लावून घासला आहे. त्याच्या झाकणाला कोठे पोचा आहे, हे अक्कापेक्षा तिला अधिक ठाऊक असेल. नागपंचमीला अक्काने त्या पाटल्या घातल्या, तेव्हा तिनेच साबण लावून त्या हातावरून उतरवल्या होत्या. तिचा मेंदू ही प्रत्येक वस्तू ओळखणारच, आणि ओळखली नाही तर तेच नवलाचे ठरेल. ज्या चाचणीत घरात राबणारे माणूस केवळ घर ओळखीचे आहे म्हणून चोर ठरते आणि बाहेरून आलेला, डबा एकदाच अंधारात हाताळलेला खरा चोर सुटू शकतो, त्या चाचणीला १०० टक्के खरी म्हणणाऱ्याने निदान एवढा विचार करायला हवा होता. चोरीचा आळ आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्याला अनोळखी माणसाने तारा लावल्या, तर भीतीने तिच्या मेंदूत आणि हृदयात काय काय होईल, हा प्रश्न तर संदेश लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो, ते शोधायला दूर जावे लागत नाही, कारण खटल्याच्या नावातच आपले राज्य आहे. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ५ मे २०१० रोजी निकाल दिला. नार्को चाचणी (गुंगीचे औषध देऊन प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (नाडी, श्वास यांवरून खोटे ओळखू पाहणारे यंत्र) आणि मेंदूच्या आलेखावर आधारलेली चाचणी, या तिन्हींपैकी कोणतीही चाचणी संबंधित व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही, कारण त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालय तेथेच थांबले नाही. व्यक्ती राजी असली, तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा म्हणून चालणार नाही. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू वा माहिती सापडली, तर तेवढीच ग्राह्य धरता येईल. संमतीदेखील न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते आणि त्या व्यक्तीला वकिलाची मदत मिळावी लागते. जे पोलिसांनाही करता येत नाही, ते शहापुरातल्या एका गृहिणीने एका दूरध्वनी क्रमांकाच्या भरवशावर करायचे, असे हा संदेश सांगतो आहे.

आमच्या भागात हा विश्वास इतका पक्का का आहे, हे मला कळते. मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी हा खानापूरचाच. बंगळूरमध्ये त्याची नार्को चाचणी झाली आणि गुंगीत बोलणाऱ्या तेलगीची चित्रफीत पुढे वाहिन्यांवर झळकली. तेव्हापासून 'सुई टोचली की खरे बाहेर पडते' हे आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळते. पण तेलगीला शिक्षा झाली ती त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केल्यावर. गुंगीतला माणूस आठवणी आणि कल्पना यांची सरमिसळ करतो व विचारणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे उत्तरे देऊ लागतो, ही या औषधांची जुनी ओळख आहे.

उरलेल्या मुद्द्यांना इतका वेळ देण्याची गरज नाही. जिवंत आणि मृत अशा दोन्ही अवस्थांत असलेल्या मांजराचे उदाहरण एर्विन श्र्योडिंगर यांनी १९३५ मध्ये दिले, ते असे घडते हे सांगण्यासाठी नव्हे, तर क्वांटम सिद्धांताचा त्या काळचा अर्थ रोजच्या वस्तूंना जसाच्या तसा लावला की किती हास्यास्पद निष्कर्ष निघतो, हे दाखवण्यासाठी. 'हास्यास्पद' या अर्थाचा शब्द त्यांनी स्वतःच तेथे वापरला आहे. शिवाय भौतिकशास्त्रात 'निरीक्षण' म्हणजे माणसाची नजर नव्हे. हवेचा एक रेणू आदळला, भिंतीवर एक प्रकाशकण पडला, की नोंद झाली. प्रेताला गुप्तहेराची वाट पाहावी लागत नाही.

साक्षीदाराच्या नजरेचा मुद्दा हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चिततेच्या तत्त्वावर ढकललेला आहे; कणाची जागा आणि वेग एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे ठरलेले नसतात, असे ते तत्त्व. हे गणित मी बारावीच्या मुलांना घालतो. दहा ग्रॅमची बंदुकीची गोळी घ्या आणि तिची जागा एक दशांश मिलिमीटरपर्यंत नक्की माहीत आहे असे धरा. या तत्त्वानुसार तिच्या वेगात किमान जेवढी अनिश्चितता उरते, तेवढ्या वेगाने ती विश्वाच्या आजवरच्या वयाएवढा काळ, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षे सरकत राहिली, तरी एका अणूच्या व्यासाएवढे अंतरही तिच्याने कापून होणार नाही. साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत त्या अंधारामुळे, घाबरल्यामुळे आणि नंतर ऐकलेल्या गोष्टी आठवणीत मिसळल्यामुळे.

डोळ्यातल्या चित्राच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. दृष्टिपटलातील लालसर रंगद्रव्य उजेडात फिके पडते, हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये दाखवले. त्यानंतर हायडेलबर्गच्या व्हिल्हेल्म क्यूने यांनी एका सशाचे डोके आधी झाकून ठेवले, मग त्याला तीन मिनिटे गजांच्या खिडकीकडे पाहायला लावले, लगेच मारून त्याचा डोळा तुरटीच्या द्रावणात घातला, आणि त्या दृष्टिपटलावर गजांची पुसट आकृती खरोखरच मिळाली. हेच त्यांनी १८८० मध्ये देहान्ताची शिक्षा झालेल्या एका माणसाच्या डोळ्यावर करून पाहिले, तेव्हा जी आकृती उमटली ती कशाची हे कोणालाच सांगता आले नाही. झटापटीत सतत हलणाऱ्या डोळ्यावर, हलणाऱ्या खुन्याचा चेहरा उमटून दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल, याला कसलाही आधार नाही.

पाचवा मुद्दा अतिशयोक्त असला, तरी त्याचा पाया खरा आहे. सपाट पृष्ठभागावर तिरका पडलेला थेंब लांबट डाग सोडतो आणि त्या डागाच्या रुंदीला लांबीने भागले की आघाताच्या कोनाची 'ज्या' (साइन) मिळते. डाग पाच मिलिमीटर रुंद आणि दहा लांब असेल, तर तो कोन तीस अंशांचा. हे सुंदर भौतिकशास्त्र आहे आणि चित्रपटातला तो प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगेन. मात्र कोनावरून थेंब कोठून आला एवढे कळते, तो कोणी उडवला हे नव्हे. रक्ताचे डाग शोधायला फवारतात त्या ल्युमिनॉल या रसायनाचा निळा प्रकाशदेखील रक्ताइतकाच धुण्याच्या ब्लीचमुळेही पडू शकतो, म्हणून प्रयोगशाळा त्याला पहिली खूण मानतात आणि पुढची चाचणी करतात.

नॉयर, म्हणजे अशा अंधाऱ्या, सावल्यांनी भरलेल्या गुन्हेपटांवर माझे प्रेम आहे ते त्यांत शंकेला जागा असते म्हणून. तेथे अर्धा चेहरा उजेडात असतो आणि अर्धा अंधारात, आणि पाहणाऱ्याने घाईने निवाडा केला की तो हमखास चुकतो. संदेश लिहिणाऱ्याने त्या चित्रपटातून अंधार तेवढा काढून टाकला आहे आणि खात्री विकायला ठेवली आहे.

हे सगळे मी अक्काला रविवारीच संध्याकाळी शहापूरला जाऊन सांगितले. तिला भौतिकशास्त्रच हवे असेल, तर ते त्या लोखंडी कपाटाच्या दारावर होते. गुळगुळीत रंगावर बोटांचे ठसे चांगले उमटतात आणि घरात कधीच पाऊल न टाकलेल्या माणसाचा एक ठसा तेथे मिळाला असता, तर त्याला अर्थ होता. पण पाटल्या दिसेनात तेव्हा घरातल्या सात जणांनी ते दार उघडून पाहिले आणि भाच्याने बिजागरीला तेल घालून सगळे कपाट फडक्याने पुसून काढले. सराफाची पावती व पाटल्या घातलेला नागपंचमीचा फोटो घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि त्या मुलीचे नाव कोणी पुराव्यावाचून घेऊ नये, एवढे मी तिला सांगून आलो. मुलगी सोमवारपासून कामावर आलेली नाही. तक्रारही अजून दिलेली नाही.